ठराव क्रमांक एकचे अनुमोदक

हेंद्रे मास्तर वारले ते भर सभेत, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, सर्वानुमते. सूचक, संस्थेचे चेअरमन उत्तमराव भिलारे. अनुमोदक, स्वतः हेंद्रे मास्तर. विरोधात एकही हात नाही.

तर असं काही घडलंच नाही असं धरून आपण पुढं जाऊ. सभेनंही त्या दिवशी तेच केलं, आणि विषय क्रमांक आठपर्यंत काही अडचण आली नाही.

दोन हजार नऊ सालचा ऑगस्ट. माळशिंगीच्या आशीर्वाद मंगल कार्यालयात वाघजाई ग्रामीण पतसंस्थेची तिसावी वार्षिक सभा भरली होती. मागच्या अंगाला आचारी मसालेभाताच्या तयारीला लागला होता, त्यामुळे उपस्थिती चांगली होती. स्टेजच्या कोपऱ्यात, लग्नात जिथं आहेर लिहायला बसतात त्या टेबलाशी मी बसलो होतो. हर्षल टाकवले, क्लार्क, नोकरीला आठ महिने, टेंपररी. समोर इतिवृत्ताचं रजिस्टर.

रजिस्टर आदल्या दिवशीच लिहून तयार होतं. यात दचकण्यासारखं काही नाही. सभेत काय झालं ते सभेच्या आधी लिहून ठेवायचं, सूचक-अनुमोदकांच्या नावांसकट, ही आमची पद्धत. मग रजिस्टरात जसं झालंय तसं वागायचं, एवढंच सभेचं काम उरतं. मॅनेजर शेवाळे बाईंनी मला जुनं रजिस्टर देऊन सांगितलं होतं, "अनुमोदकाचं नाव बदलू नकोस. तेरा वर्षं एकच माणूस अनुमोदन देतो." मी प्रत्येक ठरावाखाली 'तु. ना. हेंद्रे' असं सुवाच्य अक्षरात उतरवलं होतं.

त्याच आठवड्यात चेअरमन म्हणाले होते, "यंदा तिसावं वर्ष आहे. श्रद्धांजलीच्या ठरावात संस्थापकांचीबी नावं घाल." संस्थापक कोण ते मला माहीत नव्हतं. पण संस्थेच्या कार्यालयात त्यांचा ग्रुप फोटो होता. अकरा जण, काळ्या मिश्या, खाली छापील नावं आणि फोटोला चंदनाचा हार. मी खुर्चीवर चढून अकराच्या अकरा नावं उतरवली. तुळशीदास नामदेव हेंद्रे हे त्यातलं सातवं. नंतर नियमाप्रमाणे हजेरीपटावर त्या नावांवर लाल रेघ मारली. कामात मी नीटनेटका होतो.

अकरापैकी दहाच गेलेले आहेत आणि फोटोला हार घातला तो उरलेल्या अकराव्यानं, हे मला कोणी सांगितलं नाही. हा अकरावा रोज साडेदहाला कार्यालयात यायचा, पेपर वाचायचा, माझ्या शर्टाच्या कॉलरला नावं ठेवायचा आणि जायचा. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. मीही म्हणायचो. मास्तरांना आडनाव असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं, आणि अनुमोदकाचं नाव मी वाचलं नव्हतं, नुसतं उतरवलं होतं.

तर चेअरमननी श्रद्धांजलीचा ठराव वाचायला घेतला. उत्तमराव भिलारे वाचताना अर्थ लावत नसत, ती जबाबदारी ते सभासदांवर सोपवत. एका दमात चौतीस नावं झाली. मास्तर पहिल्या रांगेत डुलकी आणि जाग यांच्यामध्ये कुठंतरी होते. स्वतःचं नाव कानावर पडताच ते तेरा वर्षांच्या सवयीनं खाडकन उभे राहिले आणि हात वर करून म्हणाले, "अनुमोदन आहे!"

"मंजूर, मंजूर!" सभा म्हणाली. सगळे उभे राहिले. दोन मिनिटं शांतता सुरू झाली.

त्या शांततेत एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला तो मी स्टेजवरून पाहिला. आधी बायकांच्या रांगेतून दबकं "अगं बाई!" आलं. मग एक माणूस दुसऱ्याला कोपरानं ढोसायला लागला. शेवाळे बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बोलता कोणालाच येईना, कारण शांतता चालू होती. मास्तर मात्र हात जोडून, मान खाली घालून, अगदी मनापासून उभे होते.

"बसा," चेअरमन शेवटी म्हणाले. सभेत हशा उसळला. मास्तरांना कोणीतरी कानात सांगितलं. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून पाहिला.

"मास्तर, चूक झाली. दुरुस्ती पुढच्या सभेत करू," चेअरमन म्हणाले. "तुमची हरकत?"

"मेलेल्याची कसली हरकत? चालवा तुम्ही!" मास्तर म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

शेवाळे बाई माझ्या कानाशी कुजबुजल्या, "जेवण झालं की माझ्याशी बोल." ते जेवण मला गोड लागणार नाही एवढं कळलं.

दोन ते आठ हे विषय रजिस्टराप्रमाणे झाले. नववा विषय मात्र रजिस्टरात लिहिलेला नव्हता. तिथं मी अर्धं पान कोरं सोडलं होतं, तेही बाईंनी सांगितलं म्हणून. विषय होता, वाघजाई संस्थेचं जिल्ह्याच्या एका मोठ्या संस्थेत विलीनीकरण. हजर सभासदांपैकी दोन तृतीयांश हो म्हणाले की वाघजाई संपली. पाटी उतरणार, माळशिंगीत फक्त हप्ते भरायची खिडकी राहणार.

मोठ्या संस्थेचे सल्लागार सबनीस वकील मुद्दाम आले होते. चेहऱ्यानं सज्जन, आणि दुर्दैवानं स्वभावानंही. चेअरमन उठले.

"मला संस्था विकायची हौस नाही," ते म्हणाले. "पण नियम रोज वाढतात. कॉम्प्युटर आला, तो चालवायला माणूस नाही. तिन्ही शाखांत मिळून एक जनरेटर आहे, तो टेंपोत घालून फिरवतो आपण. मला रात्री झोप लागत नाही. मोठ्या घरात गेलो तर निदान छप्पर गळणार नाही."

हे खरं होतं, म्हणूनच कोणी ओरडलं नाही. मग मास्तर उठले. ठरावांना अनुमोदन सोडून दुसरं काही बोलायला मास्तर गेल्या तेरा वर्षांत सभेत उठल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं.

"मी शिंपी माणूस," ते म्हणाले. "एकोणऐंशी साली आम्ही अकरा जणांनी संस्था काढली ती माझ्या दुकानात. काउंटर म्हणजे माझं मशीन. लोक यायचे, मी पाय थांबवायचो, पावती फाडायचो, परत पाय चालू. पासबुकाला कव्हर शाळेच्या गणवेशाच्या खाकी कापडाचं. मी शिवायचो."

"अजून टिकलंय माझं!" मिरची कांडपवाल्या हिराबाई मदने बायकांच्या रांगेतून म्हणाल्या.

"टिकणारच, डबल शिलाई हाय. आता कर्ज कुणाला द्यायचं ते आम्ही कसं ठरवायचो? कागदं कुणाकडं होती? माणूस पँट कमरेत आत घ्यायला घेऊन आला की मी ओळखायचो, घरात ओढाताण हाय. त्याला मीच म्हणायचो, अर्ज कर. आणि तोच पुढं कंबर उसवून घ्यायला आला, की म्हणायचो, आता हप्ता सुरू कर. हिराबाईच्या मालकांचा झंपर..."

"माझा झंपर, मालकांचा सदरा!" हिराबाई म्हणाल्या.

"तेच ते. तीन बोटं आत घेतला होता. म्हणून कांडपाच्या मशीनला कर्ज दिलं. मोठ्या संस्थेत ही तीन बोटं कोण बघणार? माझा विरोध हाय. बाकी तुमची मर्जी."

ते बसले. मत हात वर करून घ्यायचं ठरलं. शेवाळे बाई आणि मी रांगांमधून मोजत गेलो. बाजूनं ब्याऐंशी, चेअरमन धरून. विरोधात हात वर झाले तेव्हा पहिला हात मास्तरांचा होता. मी मोजत तिथवर आलो आणि थबकलो.

"मोज की," मास्तर म्हणाले.

"एक मिनिट," सबनीस वकील स्टेजवरून म्हणाले. "यांचं नाव हजेरीपटावर आहे का?"

हजेरीपट मीच केला होता. लाल रेघ पट्टी लावून मारलेली होती.

"यांना सोडून एक्केचाळीस विरोधात," बाई म्हणाल्या.

वकिलांनी कागदावर हिशेब मांडला. "एकशे तेवीसपैकी ब्याऐंशी. बरोबर दोन तृतीयांश. ठराव मंजूर होतो. यांचं मत धरलं तर होत नाही."

आता हसायला कोणी नव्हतं. मास्तरांचा हात अजून वरच होता.

"अहो, जिवंत माणूस समोर उभा आहे!" मागून कोणीतरी ओरडलं.

"मला दिसतंय," वकील कळवळून म्हणाले. "मी मास्तरांच्या विरोधात नाही हो. पण ठराव क्रमांक एक याच सभेनं केला. सर्वानुमते. सभेचा ठराव पुढच्या सभेशिवाय फिरत नाही, आणि पुढच्या सभेला चौदा दिवसांची नोटीस लागते. विषय नऊ तर आजचा आहे."

मी उभा राहिलो. "चूक माझी आहे. नाव मी घातलं. मला वाटलं, हार आहे म्हणजे..."

"आपण सभासद आहात का?" वकिलांनी विचारलं.

"नाही. क्लार्क."

"मग आपल्याला सभेत बोलता येत नाही. बसा."

मी बसलो. आयुष्यात एकदाच खरं बोलायला उठलो होतो, ते इतिवृत्तात घेता आलं नाही.

मास्तर मात्र विचारात पडले होते. "वकीलसाहेब, एक विचारू का? मेलेल्या माणसाला अनुमोदन देता येतं?"

"नाही."

"मग त्या ठरावाला अनुमोदन मी दिलं. मी मेलोय, तर ते अनुमोदन खोटं. म्हणजे ठराव बाद. म्हणजे मी जिवंत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वकिलांनी चष्मा काढून पुसला.

"मान्य. पण मास्तर, तुम्ही जिवंत असाल तर अनुमोदन खरं ठरतं. अनुमोदन खरं, तर ठराव पक्का. आणि ठराव पक्का, तर..." त्यांनी नाइलाजानं हात जोडले.

"मेलो परत," मास्तर म्हणाले.

"असं दिसतंय."

हे दुसऱ्या कशातून तरी सुटेल म्हणून वकिलांनी पुन्हा एकदा सगळं सुरुवातीपासून मांडलं. मास्तर आणखी एकदा जगून आणखी एकदा गेले. आचारी दाराशी येऊन विचारून गेला की पानं घ्यायची का.

शेवाळे बाई तेवढ्या वेळात उपविधींचं पुस्तक चाळत होत्या. बाई कधी आवाज चढवत नसत. त्या पुस्तक उघडत.

"उपविधी एकतीस," त्या म्हणाल्या. "सभासद मयत झाला असेल आणि त्याचा नोंदलेला वारस सभेत हजर असेल, तर तेवढ्या सभेपुरतं मयताचं मत वारसाला देता येईल."

"असा उपविधी?" वकील चकित झाले. "हा कोणी घातला?"

"मीच," मास्तर म्हणाले. "ऐंशी साली. एका सभासदाची बायको कपाळ पुसून चार दिवसांनी सभेला आली होती. मत नाही म्हणून दारातनं परत गेली. मला ते बरं वाटलं नव्हतं."

वकिलांनी पुस्तक घेऊन तीनदा वाचलं. "चालेल," ते म्हणाले. "स्पष्ट आहे. मयत म्हणून धरलं, तर वारसाला मत आहे. वारस कोण?"

मास्तरांना मूलबाळ नव्हतं. बायको चौऱ्याण्णव साली गेलेली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एवढा वेळ वर असलेला मास्तरांचा हात मात्र खाली आला.

"फाईल आण," बाई मला म्हणाल्या.

संस्थेचं कार्यालय रस्त्यापलीकडे होतं. मी धावत गेलो, सभासद क्रमांक सातची फाईल काढली आणि धावत आलो. वाटेत वारसाचा फॉर्म उघडून पाहिला, आणि मंगल कार्यालयाच्या दारात उभा राहून परत एकदा पाहिला. माझा विश्वास बसेना.

इथं एक सांगायला हवं. मास्तर सतरा वर्षं संस्थेचे चेअरमन होते. शहाण्णव साली निवडणुकीत त्यांना पाडलं ते उत्तमरावांनी, दुसरं पॅनेल उभं करून. तेव्हापासून दोघांचं बोलणं कामापुरतं. उत्तमरावांच्या सत्काराचा सफारी शिवायचा मान मास्तरांनी सोडला नाही, पण एक बाही इंचभर आखूड ठेवली. उत्तमरावांनी तो सफारी फाटेपर्यंत वापरला. दोघांपैकी कोणीही तो विषय कधी काढला नाही.

मी फॉर्म बाईंना दिला. बाईंनी वाचला, मग चेअरमनच्या पुढ्यात ठेवला. वाचायची सवय नसल्यामुळे उत्तमराव पहिल्यांदा अर्थ न लावता मोठ्यानं वाचून मोकळे झाले:

"वारसाचे नाव, उत्तम रामचंद्र भिलारे. नाते, विरुद्ध पॅनेल."

मग ते थांबले. अर्थ लागला असावा. त्यांनी माईक हातानं झाकला, पण तो झाकून आवाज कमी होणारा माईक नव्हता.

"मास्तर, हे कधी भरलं?"

"तारीख हाय की खाली."

"तारीख मी निवडून आलो त्या दिवसाची आहे."

"मग त्याच दिवशी भरलं असंल."

"मी पाडलं तुम्हाला त्या दिवशी!"

"मग दुसऱ्या कुणाचं नाव घालू?" मास्तर चिडून म्हणाले. "मागं संस्थेकडं बघणारं माणूस पाहिजे. मला पाडायला सहा महिने गावभर हिंडलास तू, उन्हातान्हात. तेवढं तर कुणी संस्थेसाठी हिंडलं नव्हतं."

उत्तमराव खाली बसले. परत उठले. "तुमचं मत तर विरोधात आहे, मास्तर. आता ते मी द्यायचं. मी काय करू, ते तुम्हीच..."

"मयताला विचारता येणार नाही," वकील हळूच म्हणाले. पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

मास्तरांनी ओठ घट्ट मिटले. मान ताठ, डोळे समोरच्या भिंतीवर, हात मांडीवर. मेलेल्या माणसाला जेवढं शिस्तीत बसता येईल तेवढे ते बसले.

चेअरमन बराच वेळ उभे होते. ठराव त्यांचा होता. सहा महिने जिल्ह्याला खेपा घालून त्यांनी तो आणला होता. ठराव पडला तर कॉम्प्युटर, जनरेटर, नियम आणि रात्रीची झोप, सगळं पुन्हा त्यांच्याच डोक्यावर.

"वकीलसाहेब, एकाच माणसानं दोन्हीकडं हात वर केला तर चालतो?"

"एक सभासद म्हणून, एक वारस म्हणून. चालतो."

उत्तमरावांनी डावा हात वर केला. उजवा मघाशी वापरून झाला होता.

"वारस म्हणून विरोध," ते म्हणाले. "मोज रे, टाकवले."

"बेचाळीस," मी म्हणालो.

ठराव एका मतानं पडला. लोक ओरडले, शिट्ट्या झाल्या, हिराबाईंनी कोणाला तरी मिठी मारली. वकिलांनी कागद गोळा केले आणि मास्तरांच्या पाया पडले. कोणत्या भावनेनं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. उत्तमराव स्टेजवरून उतरून मास्तरांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. दोघं एकमेकांकडे न बघता बसले होते.

"आता झोप लागणार नाही मला, तुमच्यामुळं," उत्तमराव म्हणाले.

"लागंल. मी येत जाईन रोज, खिडकीवर बसायला. मला आता दुसरं काय काम हाय? मी तर गेलोय."

जेवणानंतर शेवाळे बाई माझ्याशी बोलल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "कॉम्प्युटर शिकशील का?"

पुढच्या वर्षीच्या सभेत विषय क्रमांक दोन होता, ठराव क्रमांक एकची दुरुस्ती. मी या वेळी सगळी नावं तीन-तीनदा तपासली होती. पण बाईंनी सभेच्या आधी चेअरमन आणि मास्तर दोघांना बसवून समजावलं. मास्तरांना जिवंत केलं की त्या दिवशीचं वारसाचं मत रद्द होतं. मास्तरांचा स्वतःचा हात तर तेव्हा मोजलेलाच नव्हता, त्यामुळे वारसाचं मत रद्द झालं की ब्याऐंशी विरुद्ध एक्केचाळीस. म्हणजे विलीनीकरण मंजूर, तेही मागील तारखेपासून.

"म्हणजे मी जगलो तर संस्था जाती," मास्तर म्हणाले.

"कागदावर," बाई म्हणाल्या.

"मग कागदावर मेलेलाच बरा मी. काढा विषय."

विषय निघाला. त्यानंतर मास्तर नऊ वर्षं दर सभेला निमंत्रित म्हणून आले. मत नाही, भत्ता नाही, जेवण होतं. रोज साडेदहाला ते खिडकीपाशी बसायचे आणि येणाऱ्याची कंबर बघून मला खूण करायचे. संस्थेच्या आज सहा शाखा आहेत, प्रत्येकीला स्वतःचा जनरेटर आहे. सभासद कसे वाढले असं लेखापरीक्षकांनी विचारलं तेव्हा मला काही कारण देता आलं नाही. मास्तर समोरच बसले होते, पण त्यांचं नाव कोणत्याच यादीत नव्हतं.

गेल्या माघात ते गेले. या वेळी खरोखर. उत्तमरावांनी पाणी पाजलं.

येत्या ऑगस्टला चाळिसावी सभा आहे. मी आता मॅनेजर आहे, इतिवृत्त अजून आधीच लिहितो. ठराव क्रमांक एकमध्ये त्यांचं नाव घातलं आणि नियम तपासायला घेतले, तर ज्या सभासदाला एकदा श्रद्धांजली वाहून झाली आहे त्याला पुन्हा वाहण्याची तरतूद नाही. जुनी रद्द करावी, तर संस्था राहत नाही. उत्तमराव म्हणाले, "काहीबी कर, पण माझ्या मास्तरांसाठी सभा उभी राहिली पाहिजे." म्हणून काल खालील अर्ज टाईप करून, त्यांची सही घेऊन, रजिस्टर पोस्टानं पाठवला.

"प्रति, मा. सहायक निबंधक, सहकारी संस्था. विषय: मयत सभासदास अल्प मुदतीकरिता हयात ठरविणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, आमचे संस्थापक कै. तुळशीदास नामदेव हेंद्रे यांस, मागील कोणत्याही मतदानास बाधा न येता, येत्या वार्षिक सभेच्या दिवशी सकाळी अकरा ते अकरा वाजून वीस मिनिटे या कालावधीकरिता हयात समजण्यात यावे, जेणेकरून संस्थेस त्यांना रीतसर गमावता येईल. सदर कालावधीत त्यांच्या खुर्चीची व चहाची व्यवस्था संस्थेमार्फत करण्यात येईल. तरी मेहेरबान साहेबांकडून सहानुभूतीपूर्वक विचार होऊन परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."